अर्धशिशीसाठी धम्म

ब्रह्मदेशातल्या एका तरुण मारवाडी उद्योजकाला अर्धशिशीने जेरीस आणले होते. मॉर्फिनच्या इंजेक्शनाशिवाय कळ थांबत नसे, आणि त्या मॉर्फिनचीच सवय जडेल अशी डॉक्टरांना धास्ती होती. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडचे डॉक्टर करून झाले; गुण आला नाही. १९५५ मध्ये तो रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेला. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्यही. डोकेदुखी जावी म्हणून शिबिरात बसायचे आहे, हे ऐकताच त्यांनी नकार दिला. धम्म मनातले विकार काढण्यासाठी आहे, डोकेदुखीवरचा उतारा म्हणून तो घेणे म्हणजे त्याची किंमत उतरवणे, असे त्यांचे म्हणणे होते. मन शुद्ध करायला ये. त्या ओघात डोकेदुखी गेली तर जाईल. तो उद्योजक म्हणजे सत्यनारायण गोयंका. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले, इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, आणि स्वतःच्या अर्धशिशीची आणि त्या नकाराची ही हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली.

ऊ बा खिन यांनी जी गोष्ट नाकारली, तीच १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या रुग्णालयात उघडपणे सुरू झाली. जॉन कबात-झिन हा रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. जुनाट दुखण्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण त्याने मागून घेतले आणि त्यांच्यासाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला. आठवड्यातून एकदा अडीच तास, घरी रोज पाऊण तासाचा सराव, आणि मध्ये एक अख्खा दिवस मौनात. बुद्धाचे नाव नाही, त्रिशरण नाही, पंचशील नाही. गंमत अशी की या वर्गातला मुख्य सराव म्हणजे पाठीवर पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवत नेण्याचा ‘बॉडी स्कॅन’, आणि तो बराचसा ऊ बा खिन यांच्याच परंपरेतून, त्यांच्या एका अमेरिकन शिष्याच्या शिबिरातून आलेला. म्हणजे ज्या गुरूने डोकेदुखीसाठी दार लावून घेतले, त्याचीच रीत दुखण्यांच्या दवाखान्यात जाऊन बसली. यात धम्माची विटंबना झाली की विस्तार, हा प्रश्न बौद्ध जगात अजून धुमसतो आहे. माझे मत असे की ऊ बा खिन यांनी घातलेली अट ही नुसती धार्मिक सोवळेपणाची नव्हती. ती उपचाराच्या दृष्टीनेही खरी होती, आणि गेल्या चार दशकांचा वैद्यकीय पुरावा नीट वाचला तर तो त्याच अटीकडे बोट दाखवतो. हा उपचार नेमका कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही, हेही त्याच अटीतून कळते.

त्यासाठी आधी संयुत्तनिकायातले सल्लसुत्त पाहिले पाहिजे. शल्य म्हणजे बाण. बुद्ध तिथे सांगतात की अज्ञानी माणसाला शारीरिक वेदना होते तेव्हा तो शोक करतो, आक्रोश करतो, आणि त्यामुळे त्याला एकाऐवजी दोन बाण लागतात: एक शरीराचा, एक मनाचा. शिकलेल्या श्रावकालाही वेदना होते, पण त्याला एकच बाण लागतो. या सुत्तात पहिला बाण काढून देण्याचे आश्वासन कुठेही नाही. बुद्धांना स्वतःलाही ते मिळाले नव्हते. पाठ दुखते म्हणून प्रवचन शिष्य सारिपुत्तावर सोपवून ते आडवे झाल्याची नोंद दीघनिकायात आहे. दगडाचा कपचा पायात घुसल्यावर झालेल्या तीव्र वेदना त्यांनी स्मृती, म्हणजे सजगता किंवा माइंडफुलनेस, न ढळू देता सोसल्या, असे संयुत्तनिकाय सांगतो. आणि जीवक नावाच्या वैद्याचे औषधही ते घेत. स्मृतीचा सराव हा औषधाला पर्याय आहे, असा दावा त्या परंपरेने केलेला दिसत नाही. वेदना आणि तिच्यावरची मनाची उसळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एरवी एकजीव भासणाऱ्या या दोहोंमध्ये फट आहे, आणि ती फट सरावाने दिसू लागते, एवढाच तिचा दावा आहे. सतिपट्ठानसुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म असे निरीक्षणाचे जे चार विषय सांगितले आहेत, त्यांत वेदनेला चित्ताहून वेगळी जागा आहे ती याचसाठी.

दवाखान्यातल्या वर्गात काय करतात ते या चौकटीत ठेवून पाहावे. कंबरदुखीच्या रुग्णाला कंबर विसरायला कोणी सांगत नाही. उलट, लक्ष तिथेच न्यायला सांगतात. तिथे काय आहे? ओढ, ठणका, ऊब, सुन्नपणा. कमी होते, वाढते, सरकते. शेजारी आणखी काही उभे असते: ‘हे आता जन्माचे झाले’, ‘माझी नोकरी जाणार’, ‘घरच्यांना मी नकोसा झालो आहे’. हे विचार खरे की खोटे याचा वाद घालत नाहीत. ते विचार आहेत एवढे ओळखायचे आणि पुन्हा कमरेकडे यायचे. दुखणे थांबावे म्हणून हे करू नका, अशी सूचना सुरुवातीलाच असते. कबात-झिनने १९९० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या सरावाला लागणाऱ्या वृत्ती सांगितल्या, त्यांत काही साधण्याची धडपड न करणे ही एक आहे. आराम पडला का, आराम पडला का, असे दर मिनिटाला तपासणारा माणूस दुसरा बाण स्वतःच्या हाताने खोल रुतवत असतो. ऊ बा खिन गोयंकांना वेगळे काय सांगत होते? शब्द विकारांचे आणि शुद्धीचे होते, पण अट तीच होती. आराम हवाच असेल तर आरामाचा हट्ट दारात सोडून आत यावे लागते.

हे पटण्यासारखे असले तरी पुरावा हवा. सर्वांत बोलका पुरावा नैराश्याच्या क्षेत्रात आहे. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीस्डेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी कबात-झिनचा वर्ग आणि बोधनात्मक उपचार यांची सांगड घालून एक पद्धत बनवली. ती बनवली नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसांसाठी, पुन्हा गर्तेत जाऊ नये म्हणून. २००० साली त्यांनी १४५ जणांवर घेतलेल्या चाचणीत एक विचित्र गोष्ट आढळली. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्याचा आजार झाला होता, त्यांच्यात तो उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के होते, या वर्गामुळे ते ३७ टक्क्यांवर आले. ज्यांना दोनच वेळा झाला होता, त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. एखादे सर्वसाधारण दिलासा देणारे औषध असे वागत नाही. जास्त आजाऱ्याला गुण आणि कमी आजाऱ्याला शून्य, हे कसे? २००४ मध्ये टीस्डेल आणि हेलन मा यांनी पुन्हा चाचणी घेतली. निकाल तसाच आला, आणि कारणही थोडे उलगडले. पुन्हा आलेल्या आजारामागे मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे अशी बाहेरची मोठी घटना होती की नाही, हे त्यांनी पाहिले. वर्गाचा सर्वाधिक उपयोग झाला तो अशी घटना नसताना उलटणाऱ्या आजारात. वारंवार नैराश्य आलेल्या माणसाला पुढच्या वेळी निमित्तही लागत नाही. जराशी उदासी आली की ‘आपण कुचकामी आहोत’ ही जुनी साखळी आपोआप सुरू होते आणि मन तेच तेच चघळत खाली जाते. ती साखळी ओळखून तिथेच सोडून देणे वर्गात शिकता येते. खरोखर कोसळलेल्या डोंगराखाली सापडलेल्या माणसाला तेच शिकवले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या बाणावर इलाज आहे, पहिल्यावर नाही, हे यापेक्षा स्पष्ट आकड्यांत सांगणे अवघड आहे.

शरीराच्या दुखण्यात चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे, आणि ती गुंतागुंत लपवू नये. २०१६ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर हालचालींत लक्षणीय सुधारणा दिसली ती नेहमीच्या उपचारांवर सुमारे ४४ टक्के रुग्णांत, आणि सजगतेच्या वर्गात गेलेल्या सुमारे ६० टक्क्यांत. फादेल झैदान या संशोधकाने निरोगी माणसांच्या पायाला तापलेल्या पट्टीचा चटका देऊन पाहिले. चारच दिवसांच्या शिकवणीनंतर त्या चटक्याचा त्रासदायकपणा ५७ टक्क्यांनी उतरला, तीव्रता ४० टक्क्यांनी. त्रास तीव्रतेपेक्षा जास्त उतरला, हे सुत्ताशी जुळते. पण तीव्रताही उतरली, म्हणजे पहिला बाण वाटतो तितका पहिला नाही. जिला आपण शुद्ध शारीरिक वेदना म्हणतो तिच्यातही मनाचा काही वाटा आधीच मिसळलेला असतो. इथे प्रयोगशाळेने सुत्ताला थोडी दुरुस्ती सुचवली आहे, आणि ती मान्य करायला हरकत नसावी. सोरायसिसच्या ३७ रुग्णांना प्रकाशोपचार घेताना ध्यानाची टेप ऐकवली तेव्हा त्यांची त्वचा लवकर निवळली, असा १९९८ चा एक छोटा अभ्यास आहे. तो सूचक आहे, त्याहून अधिक नाही. हृदयविकाराबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जे म्हटले ते मापात आहे: प्रचलित उपचारांच्या जोडीला ध्यानाचा विचार करता येईल. जोडीला, जागी नव्हे.

आता संशयवाद्याचे ऐकू या, कारण त्याच्याकडे भांडवल कमी नाही. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ४७ चाचण्या, ३५१५ माणसे एकत्र मोजली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा सापडला, परिणाम लहान ते मध्यम. व्यायाम, औषधे किंवा वर्तनोपचार यांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा सापडला नाही. वर सांगितलेल्या कंबरदुखीच्या चाचणीतही बोधनात्मक वर्तनोपचाराचा गट ध्यानाच्या गटाच्या बरोबरीने होता. २०१४ मध्येच मार्क विल्यम्सच्याच चमूने नैराश्यातून सावरलेल्या २७४ जणांवर, ध्यान असलेला वर्ग आणि ध्यान वगळून बाकी सगळे तेच ठेवलेला वर्ग अशी तुलना केली. एकूण गटात ठळक फरक दिसला नाही, बालपणी फार सोसलेल्या माणसांना मात्र ध्यानाच्या वर्गाने अधिक संरक्षण दिले. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते ही मासिकांची लाडकी बातमीही २०२२ च्या अधिक काटेकोर अभ्यासात टिकली नाही. मग उरले काय? समदुःखी माणसांचा गट, प्रेमळ शिक्षक, रोज पाऊण तासाची विश्रांती आणि विश्वास, असे संशयवादी म्हणेल.

त्यातले बरेचसे कबूल करून मी म्हणेन की आक्षेप जिथे नेऊ पाहतो तिथे पोचत नाही. झैदानने २०१५ मध्ये खोटे मलम आणि खोटे ध्यान, म्हणजे ‘ध्यान’ या नावाखाली नुसता दीर्घ श्वास, यांच्याशी खऱ्या ध्यानाची तुलना केली. दोन्ही खोट्यांनी वेदना उतरली, खऱ्याने अधिक उतरली, आणि मेंदूतली वाटही वेगळी दिसली. बरोबरीचा मुद्दा तर उपचाराच्या बाजूनेच जातो. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत ४२४ जणांना दोन वर्षे तपासले. नैराश्यावरच्या गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ४७ टक्के, आणि वर्ग करून गोळ्या कमी करत नेणाऱ्यांत ४४. चिंतेच्या विकारांत २७६ जणांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत कबात-झिनचा वर्ग एस्सिटालोप्राम या सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीच्या तोडीस उतरला. प्रत्येक मन:स्थितीला, प्रत्येक खिशाला, प्रत्येक गरोदर बाईला एकच औषध चालत नाही. तोडीचा दुसरा पर्याय असणे हीच वैद्यकात मोठी गोष्ट असते. चमत्काराच्या अपेक्षेने पाहिले तरच हे आकडे निराश करतात. ती अपेक्षा सुत्ताने निर्माण केलेली नाही, बाजाराने केली आहे.

बाजाराचे दुसरे पाप म्हणजे हा सराव सर्वांना, सर्वकाळ, निर्धोक आहे असे सांगणे. २०२० च्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे आठ टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचे दिसले, बहुतेक चिंता आणि उदासी वाढण्याचा. ज्याच्या आत जुना आघात दबलेला आहे त्याला डोळे मिटून आत पाहायला लावणे ही खेळण्यातली गोष्ट नाही. विपश्यना केंद्रे आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगतात की हे शिबिर मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी योग्य नाही. फोनवरच्या ॲपकडे हा संकोच क्वचितच असतो. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला: सरसकट सगळ्या वर्गाला सजगता शिकवून नेहमीच्या अध्यापनापेक्षा काही अधिक पदरात पडले नाही. यात नवल नाही. ज्या मुलाने स्वतःहून काही मागितलेले नाही, ज्याच्यात ती जुनी साखळी अजून तयारच झालेली नाही, त्याला ती सोडवण्याची युक्ती तासिका लावून शिकवणे म्हणजे दुखण्याआधी औषध.

श्रद्धावंताचा आक्षेप वेगळा आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सातवी येते. तिच्याआधी सम्यक वाचा, कर्म, आजीविका आहेत. शील सोडून उचललेली स्मृती ही सम्यक राहत नाही. नेमबाजही एकाग्र असतो. अमेरिकी लष्कराने सैनिकांसाठी सजगतेचे प्रशिक्षण अजमावले आहे, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. पण रुग्णालयाच्या बाबतीत ती मला पूर्ण लागू वाटत नाही. तिथे शील गैरहजर नसते, दुसऱ्या वेशात असते: रुग्णाची संमती, इजा न करण्याचे बंधन, गोपनीयता. आणि धम्म ऐकून आजारी माणसाला बरे वाटू नये असा त्रिपिटकाचा दंडकही नाही. गिरिमानंद भिक्खू आजारी असताना आनंद या शिष्याने जाऊन त्याला दहा संज्ञा ऐकवाव्यात, असे बुद्धांनीच सांगितले. त्यांतली शेवटची आनापानस्मृती, म्हणजे श्वासावरची सजगता, आणि त्या ऐकून तो आजारातून उठला. रुग्णालयात जे मिळते तो मार्गाचा एक तुकडा आहे. तुकडा म्हणून दिला तर तो प्रामाणिक आहे. संपूर्ण मार्ग म्हणून विकला तर फसवणूक आहे. आपल्याकडे याच्या उलट एक हौस आहे, ‘हे तर आमचेच, साक्षीभाव म्हणा की झाले’ अशी. तिच्यात अभिमान खूप आणि अभ्यास कमी असतो. वेदान्तातला साक्षी हा नित्य आत्मा आहे. सतिपट्ठानात असा कोणी कायमचा पाहणारा सापडत नाही, आणि तो न सापडणे हाच तिथला शोध आहे.

उरला तो सर्वांत जड आक्षेप, आणि तो महाराष्ट्रात तरी नवा नाही. अमेरिकेत रोनाल्ड पर्सर आणि डेव्हिड लॉय यांनी २०१३ मध्ये ‘मॅकमाइंडफुलनेस’ हा शब्द गाजवला: कंपन्या कर्मचाऱ्यांना पिळतात आणि मग त्यांना श्वासाकडे पाहायला शिकवतात, म्हणजे ताणाची जबाबदारी ज्याला ताण झाला त्याच्यावरच. पण दुःख मनातच जन्मते आणि मनातच मिटते, या वाचनाला त्याच्या साठेक वर्षे आधी बाबासाहेब आंबेडकरांनी हरकत घेतली होती. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मध्ये सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्यामुळे. प्रस्तावनेत तर चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली आहेत का, असाच प्रश्न त्यांनी टाकला आहे. माणूस माणसाला जे दुःख देतो ते त्यांच्या धम्माच्या केंद्रस्थानी आहे. सुत्ताच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी विचारले की पहिला बाण मारला कोणी? ज्या पाणवठ्यावर माणसाला पाणी नाकारले जाते, तिथे त्याला समता राखून वेदना पाहा असे सांगणे हे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी यातलेच नव्हे, त्याहून वाईट आहे. कारण आग लावणारा त्यात सुटतो.

हा आक्षेप मी उडवून लावू शकत नाही, आणि लावायचाही नाही. तो उपचाराविरुद्ध नसून उपचाराच्या अस्थानी वापराविरुद्ध आहे, एवढेच म्हणणे आहे, आणि २००४ च्या त्या चाचणीने त्याला अनपेक्षित साक्ष दिली आहे: बाहेरून घाव बसलेल्या माणसाला हा वर्ग फारसा वाचवत नाही. म्हणून ज्या कंपनीत रोजचे बारा तास काम आहे, तिने सजगतेचा प्रशिक्षक बोलावण्याआधी तास कमी करावेत. बारा तास हा पहिला बाण आहे, आणि त्यावर हे औषध नाही असेच तो पुरावा सुचवतो. पण म्हणून तिसऱ्यांदा नैराश्यातून उठलेल्या बाईला, समाज बदलेपर्यंत थांब, असे सांगणेही क्रूरपणाचे होईल. तिचा दुसरा बाण खरा आहे, आणि तो काढण्याची रीत ज्ञात आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. आठ आठवड्यांच्या या वर्गाला यंत्र लागत नाही. एक खोली, दहा-बारा सतरंज्या आणि एक नीट तयार झालेला शिक्षक लागतो. यातला शिक्षक सर्वांत दुर्मिळ आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांनी असे शिक्षक मराठीत तयार करावेत, वर्ग मराठीत घ्यावेत, निकाल मोजावेत आणि वाईट निघाले तरी छापावेत. आणि जे वाचक नैराश्यावरच्या गोळ्या घेत असतील त्यांनी एक लक्षात ठेवावे: त्या ब्रिटिश चाचणीतल्या माणसांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या नव्हत्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या.